बोर्ड हलका हवा, पण फुप्फुसांच्या जिवावर नको

घरच्या घरी लाकडी पॅडलबोर्ड बनवणे हा डॉक्टरने लिहिण्याचा विषय आहे का, असे तुम्हाला वाटेल. माझ्या मते आहे. निवृत्तीनंतर किंवा नोकरी सांभाळून सुतारकामाची हौस धरणारे बरेच लोक आपल्या आजूबाजूला असतात. कोणी स्टूल बनवते, कोणी पुस्तकांची मांडणी, तर कोणी इंटरनेटवर आराखडा पाहून थेट पाण्यावर उभे राहून वल्हवायचा बोर्ड करायला घेते. हौस चांगलीच आहे. पण अशा कामात शरीराचे काय होते, हे आराखड्यात सहसा लिहिलेले नसते. ते आज आपण समजून घेऊ आणि शेवटी मी माझे मतही सांगेन.

हा बोर्ड म्हणजे नेमके काय?

स्टँड अप पॅडलबोर्ड म्हणजे साधारण दहा-साडेदहा फूट लांब, अडीच फुटांहून थोडा रुंद आणि चार-पाच इंच जाड असा तरंगता फळा. त्यावर उभे राहायचे आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मागे सारत पुढे जायचे. आज जो खेळ जगभर पसरला आहे त्याचे मूळ हवाई बेटांत आहे. वायकीकीच्या किनाऱ्यावरचे पोहण्याचे आणि लाटांवर स्वार होण्याचे शिक्षक उभे राहून वल्हे मारत. पुढे २००० सालाच्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांच्यासारख्या हवाईतल्या नामवंत खेळाडूंमुळे हा प्रकार पुन्हा लोकांसमोर आला.

हलक्या लाकडी बोर्डाची गोष्ट त्याहून जुनी आहे. टॉम ब्लेक या अमेरिकी जलतरणपटूने १९२६ च्या सुमारास होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातले जुने हवाईयन फळे पाहून तसेच फळे बनवायला सुरुवात केली. अखंड लाकडाचा फळा फार जड होत असे. म्हणून त्याने लाकडाला आरपार भोके पाडली आणि वरून पातळ लाकूड चिकटवून ती बंद केली. पुढे त्याने आतून पूर्ण पोकळ फळा तयार केला आणि १९३२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आज घरी बनवले जाणारे लाकडी बोर्ड त्याच कल्पनेवर उभे आहेत. मध्ये कणा, त्याला आडव्या बरगड्या, वरून पातळ लाकडाची कातडी आणि तिच्यावर काचेच्या धाग्यांच्या कापडाचा व इपॉक्सी रेझिनचा थर. डॉक्टरला आवडावी अशीच ही रचना आहे!

हलका का हवा?

थोडे गणित पाहू. ८० किलोच्या नवख्या माणसाला स्थिर उभे राहायचे तर बोर्डाचे आकारमान त्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट, म्हणजे १६० लिटर किंवा त्याहून जास्त लागते. एवढ्या बोर्डाचे वरचे, खालचे आणि कडांचे मिळून क्षेत्रफळ चार चौरस मीटरच्या पुढे जाते. म्हणजे लाकडाची जाडी फक्त एक मिलिमीटरने वाढली, तरी लाकडाच्या जातीप्रमाणे बोर्डाचे वजन दोन ते तीन किलोंनी वाढते. आपल्याकडे मिळणारा आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय पाण्यात टिकतो, पण बऱ्याचदा जड लाकडाचा असतो. पाउलोनिया, सीडर किंवा ओकुमे ही लाकडे त्यामानाने बरीच हलकी.

पाण्यावर दोन-तीन किलोंनी फार बिघडत नाही. बिघडते ते जमिनीवर. बोर्ड गाडीच्या टपावर चढवणे, उतरवणे, काखेत धरून वाळूतून नेणे, आणि हे सगळे वारा चालू असताना. रुंद वस्तू शरीरापासून लांब धरली की कमरेच्या मणक्यांवर तिचा ताण तिच्या वजनाच्या कित्येक पट पडतो. १४ किलोचा बोर्ड एक माणूस नेऊ शकतो. २५ किलोच्या बोर्डाला दोन माणसे बोलवा, किंवा मग चार दिवस कमरेला शेक देत बसा. बोर्डाच्या बरोबर मध्यावर, तोल साधेल अशा जागी, हात घालायची खोबण ठेवा. ती शोभेची गोष्ट नाही, तुमच्या कमरेची गरज आहे.

तेव्हा हलकेपणाचा आग्रह योग्यच आहे. प्रश्न असा, की हा हलकेपणा येतो कुठून? तो येतो रंध्यातून आणि पॉलिश पेपरातून. पट्ट्या पातळ करायच्या, कडा गोल करायच्या, सुकलेले जादा रेझिन घासून काढायचे. बोर्डावरून कमी झालेला प्रत्येक ग्रॅम कुठेतरी जातो. थोडा जमिनीवर पडतो, आणि अगदी बारीक असतो तो हवेत राहतो. तिथे तुमचे नाक असते.

लाकडाची धूळ

रंध्याचे मोठे छिलके निरुपद्रवी असतात. त्रास देते ती सँडरची पिठासारखी धूळ. तिचे मोठे कण नाकात अडकतात, मधले श्वासनलिकांत उतरतात आणि अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केला. हा कर्करोग मुख्यतः नाकाच्या पोकळीचा आणि तिच्या आजूबाजूच्या सायनसचा असतो, आणि तो आढळला तो प्रामुख्याने वर्षानुवर्षे फर्निचर कारखान्यांत राबलेल्या कामगारांत. एक बोर्ड बनवणाऱ्या माणसाला यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही.

त्याला जास्त जवळचा धोका दम्याचा आहे. सर्वांत चांगला अभ्यासलेला प्रकार म्हणजे वेस्टर्न रेड सीडर, म्हणजे नेमके बोर्ड बनवणाऱ्यांचे आवडते हलके लाकूड. त्यात प्लिकॅटिक आम्ल असते. त्या धुळीत काम करणाऱ्या शंभरांपैकी चार-पाच जणांना त्यामुळे दमा होतो. या दम्याची खोड अशी, की तो बऱ्याचदा काम करताना येत नाही. काम संपल्यावर काही तासांनी, रात्री, कोरडा खोकला आणि छातीत घुर्रघुर्र सुरू होते. त्यामुळे माणूस दोष देतो थंड पाण्याला, पंख्याला, नाहीतर रात्री खाल्लेल्या दह्याला.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. कामामुळे होणारा दमा ओळखताना आम्ही डॉक्टर विचारतो, ‘सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का?’ हौशी सुताराचे बरोबर उलटे असते. त्याला शनिवारी-रविवारी रात्री त्रास होतो आणि बुधवार-गुरुवारपर्यंत बरे वाटते. डॉक्टरने विचारले ‘काम काय करता?’, तर तो सांगणार ‘बँकेत आहे’. म्हणून तुम्ही स्वतःहून सांगा: ‘डॉक्टर, मी सुट्टीत लाकूडकाम करतो.’ हे एक वाक्य कित्येक तपासण्या वाचवू शकते.

काय करावे?

१. धूळ हवेत उडण्याआधीच पकडा. सँडरला धूळ ओढणारे यंत्र जोडा. मास्क हा दुसरा उपाय आहे, पहिला नव्हे.

२. रुमाल किंवा कापडी मास्क पुरेसा नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसवून वापरा. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा आत येते आणि मास्कचा उपयोग बराच कमी होतो.

३. काम झाल्यावर झाडू मारू नका, खाली बसलेली धूळ पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसा.

४. शेवटचे घासकाम वॉटर पेपरने, ओले, हाताने करा. विजेचे यंत्र आणि पाणी एकत्र आणू नका.

इपॉक्सी आणि बिब्बा

बिब्बा उतणे म्हणजे काय हे आपल्याकडे जुन्या लोकांना सांगावे लागत नाही. त्वचा लाल होते, सुजते, फोड येतात, खाज सुटते. काजूच्या टरफलाच्या तेलाने आणि काही जणांना आंब्याच्या चिकानेही असेच होते. इपॉक्सी रेझिनचे वर्तन समजून घ्यायला हे उदाहरण चांगले आहे.

इपॉक्सीचे दोन भाग असतात: रेझिन आणि हार्डनर. दोन्ही ओले असताना त्वचेतून आत शिरू शकतात. पहिल्यांदा हाताला लागले तर बहुतेकांना काहीच होत नाही, आणि इथेच फसगत होते. शरीरातल्या टी-पेशी हा पदार्थ ओळखून ठेवतात. काही दिवसांनी, काही महिन्यांनी, पाचव्या किंवा पन्नासाव्या वेळी शरीर अचानक प्रतिक्रिया देते. संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी बोटे, मनगटे, चेहरा आणि विशेषतः पापण्यांवर पुरळ येते. एकदा ही ॲलर्जी झाली की ती साधारणपणे आयुष्यभर राहते, आणि मग अगदी थोडा संपर्कही पुरतो. मलमाने पुरळ बरे होते, पण शरीराची आठवण पुसता येत नाही.

पॉलिएस्टर रेझिनला उग्र वास असतो, त्यामुळे माणूस आपोआप लांब राहतो. इपॉक्सीला फारसा वास नसतो, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका.

हातमोजे नायट्राइलचे घ्या, रेझिन लागले की लगेच बदला. हात ॲसिटोन किंवा थिनरने कधीही धुऊ नका. त्याने त्वचेवरचे संरक्षक तेल निघून जाते आणि रेझिन आणखी आत शिरते. आधी कोरड्या कागदाने पुसा, मग साबण आणि पाणी. पेल्यात एका वेळी जास्त मिश्रण कालवून ठेवले तर ते आपोआप तापते, धूर सोडते आणि हात भाजू शकते. थोडे कालवा आणि लगेच बोर्डावर पसरा. बंद जागेत काम असेल तर एन-९५ मास्क रेझिनची वाफ अडवत नाही, त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा अर्धा मास्क लागतो.

सर्वांत जास्त चूक होते ती घाईत. वरून कडक झालेले इपॉक्सी आतून अजून पुरते मुरलेले नसते. ते दुसऱ्याच दिवशी घासायला घेतले तर अर्धवट मुरलेल्या रेझिनची धूळ घामेजलेल्या मानेवर, मनगटांवर आणि नाकात जाते. डब्यावर पूर्ण मुरण्याचा जो कालावधी लिहिला असेल तेवढे दिवस थांबा. हवा थंड असेल तर त्याहून जास्त.

एक दिलासा देणारी गोष्टही सांगतो. रेझिन रबरी पट्टीने दाबून पसरले आणि जादा रेझिन ओले असतानाच काढून घेतले, तर बोर्डही हलका होतो आणि नंतरचे घासकामही कमी होते. वजन आणि आरोग्य, दोन्हींचा फायदा एकाच कृतीत.

बोटे, डोळे, कान आणि आग

काचेच्या कापडाचे तुटलेले धागे त्वचेत रुतून खाज आणतात. अंग चोळू नका, आधी वाहत्या पाण्याने धुवा. ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, वेगळे धुवा.

सँडर आणि राउटरचा आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. ८५ डेसिबलला आठ तास हा कानांसाठी सुरक्षित मानलेला काळ. त्यापुढे दर तीन डेसिबलला तो निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. कानात घालायचे बोळे स्वस्त असतात, श्रवणयंत्र नसते.

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवून पाहा. दर दहा वर्षांनी ती लागते, आणि जखम खोल किंवा मळकी असेल तर पाच वर्षे उलटल्यावरही. करवतीने बोट तुटले, तर तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. जखम दाबून धरा आणि बोट जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा.

लाकडाला जवसाचे तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून, मोकळ्या हवेत वाळवा.

घर कोणाकोणाचे आहे?

अमेरिकेतल्या आराखड्यात ‘गॅरेजमध्ये काम करा’ असे लिहिलेले असते. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांना ते जमेलही. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये गॅरेज म्हणजे गॅलरी, आणि गॅलरीचे दार उघडते ते आजोबांच्या खोलीत. आजोबांना दमा असेल, सून गरोदर असेल, नातू रांगत असेल. तुम्ही मास्क लावला आहे. त्यांनी लावलेला नाही. शेजाऱ्यांची दोरीवर वाळणारी कपडेही आहेतच.

माझे स्पष्ट मत आहे की राहत्या फ्लॅटमध्ये बोर्ड बनवू नये. गावाकडचे अंगण, मित्राची शेड किंवा भाड्याची सुतारशाळा शोधा. जागा मिळेपर्यंत आराखडा काढा, पोहायला शिका. साडेदहा फुटांचा बोर्ड लिफ्टमधूनही जाणार नाही, हे वेगळेच!

बोर्डालाही श्वास हवा

पोकळ बोर्ड हवाबंद करून चालत नाही. आतली हवा २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापली, आणि उन्हात गाडीच्या टपावर ती सहज तापते, तर तिचा दाब दहा टक्क्यांनी वाढतो. ऐकायला हे थोडे वाटते. पण याचा अर्थ दर चौरस मीटरला सुमारे एक टन जोर. सांधे फाटतात ते यामुळे. म्हणून बोर्डाला एक छोटे भोक आणि फिरकीचे बूच ठेवतात. उन्हात बूच उघडे, पाण्यात बंद. विमान उतरताना कान दुखतो तेव्हा घशापासून कानापर्यंतची नळी जे काम करायला हवे ते करत नसते. हे बूच म्हणजे बोर्डाची तीच नळी.

पाण्यावर जाताना

उभे राहून वल्हवण्याने पाय, पोट, पाठ आणि खांदे एकत्र काम करतात आणि तोल सांभाळण्याचा सराव होतो. वाढत्या वयात पडून हाड मोडणे टाळायचे तर अशा सरावाची गरज असतेच. पण हे औषध नाही. रक्तदाबाच्या गोळ्या यामुळे बंद करता येत नाहीत.

फिट येण्याचा आजार, चक्कर येणे, नुकताच झालेला हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधे यांपैकी काही असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घाला. स्वतः बनवलेल्या बोर्डावर तर नक्कीच, कारण त्याची परीक्षा अजून झालेली नसते. बोर्ड हातून सुटू नये म्हणून पायाला दोर बांधतात, पण वाहत्या नदीत तोच दोर फांदीत किंवा खडकात अडकून जिवावर बेतू शकतो. तिथे झटक्यात सुटणारा कमरपट्टा हवा. सुरुवात शांत पाण्यात, गुडघ्यांवर बसून करा, आणि किनाऱ्यावर कोणीतरी असू द्या. पावसाळ्यात समुद्रात आणि धरणाच्या पाण्यात उतरायचे नाही, याबद्दल चर्चाच नको.

शेवटी माझे मत

‘एवढी काळजी कारखान्यात घेतात, ही तर घरची हौस!’ असे लोक म्हणतात. मला ते उलटे वाटते. कारखान्यात निदान नियम असतात, धूळ ओढणारे पंखे असतात, तपासणीला येणारा निरीक्षक असतो. घरी कामगारही तुम्ही, मालकही तुम्ही आणि निरीक्षकही तुम्हीच. म्हणून खरेदीच्या यादीत प्लाय आणि रेझिनच्या आधी मास्क, मोजे, चष्मा आणि कानाचे बोळे लिहा. एकूण खर्चाच्या मानाने ते किरकोळ असतात. तेवढे बजेट नसेल तर बोर्ड लहान करू नका, पुढच्या वर्षी करा.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहिला ती गोष्ट. हे सगळे वाचून तुम्ही एका बोर्डासाठी स्वतःला जपाल. पण तुमच्या घरात फर्निचर करायला येणारा सुतार महिनाभर, दिवसाचे आठ-दहा तास, बंद खोलीत प्लाय आणि एमडीएफ कापतो, घासतो, आणि संध्याकाळी रुमालाने तोंड पुसून घरी जातो. त्या तक्त्यांत फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, आणि फॉर्माल्डिहाइडही त्याच पहिल्या गटात आहे. नाकाच्या कर्करोगाची जी आकडेवारी तुम्हाला लागू होत नाही म्हणून मी वर धीर दिला, ती त्याच्यासारख्यांचीच आहे. तुमचा संपर्क काही रविवारांचा, त्याचा उभ्या आयुष्याचा.

आपण सनमायकाचा रंग निवडायला चार दुकाने फिरतो. पुढच्या वेळी काम सुरू होईल तेव्हा चहाबरोबर त्याच्या हातात एन-९५ मास्कचा एक डबाही द्या. ‘दादा, हे लावून काम करा, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा’ एवढे सांगा. तो हसेल, पहिल्या दिवशी लावणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा. त्याला वारंवार सर्दी, एकाच नाकपुडीतून रक्त किंवा रात्रीचा खोकला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला सांगा, जमल्यास घेऊन जा.

बोर्ड जरूर बनवा. हाताने काही घडवण्याचा आनंद मोठा असतो, आणि स्वतः बनवलेल्या फळ्यावर पाण्यात उभे राहण्याचा तर फारच मोठा. फक्त तिथे उभे राहताना छातीत भरून श्वास घेता आला पाहिजे. तुम्हालाही, आणि तुमच्या सुतारालाही.